रस्त्यावर चालत नाही, ते ट्रॅकवर

चेन्नईहून बेंगळुरूच्या हमरस्त्याला लागलं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागतं. १९९८ साली इथल्या ह्युंदाईच्या कारखान्यातून सँट्रो बाहेर पडली आणि तेव्हापासून एकीसारखी दुसरी अशा गाड्या इथून देशभर जात आहेत. गंमत अशी, की साच्यातून निघालेल्या गाड्यांचा साचा मोडून टाकणारी मंडळीही याच गावाची वाट धरतात. त्यांचं ठिकाण म्हणजे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा शर्यतीचा ट्रॅक, आताच्या नावानं मद्रास इंटरनॅशनल सर्किट. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं बारा.

शर्यतींच्या शनिवार-रविवारी किंवा एखाद्या 'ट्रॅक डे'ला इथल्या पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या आणि मेकॅनिकांच्या मागच्या आवारात, एक चक्कर मारावी. बॉनेट उघडी, चाकं काढलेली, कुणी टायरची हवा मोजतंय, कुणी बंपरला टेप लावतंय. हॉटेलच्या हिरवळीवर दोरी बांधून मांडलेल्या गाड्यांच्या प्रदर्शनापेक्षा हे प्रदर्शन कितीतरी सरस. तिथं गाडी फक्त चमकते. इथं थोड्या वेळानं ती ट्रॅकवर उतरते आणि तिच्यावर केलेलं काम खरं की दिखाऊ, याचा निकाल सगळ्यांदेखत लागतो.

काम म्हणजे नेमकं काय? कारखान्यातून आली तशीच राहिलेली गाडी या लोकांच्या भाषेत 'स्टॉक'. पहिला हात बहुधा चाकांना लागतो: लोखंडी चाकं जाऊन अलॉय येतात, टायर रुंद होतात. मग स्प्रिंगा बदलून गाडी जमिनीलगत खाली बसवली जाते. त्यानं गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते. (आपल्याकडच्या गतिरोधकांवर अशा गाडीचं काय होत असेल, ते मालकालाच ठाऊक.) पुढची पायरी इंजिनाची. आजचं इंजिन एका छोट्या संगणकाच्या हुकमानं चालतं. किती इंधन सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, टर्बोचा दाब किती ठेवायचा, हे तो ठरवतो. त्यातली आज्ञावली बदलली की तेच इंजिन जास्त ताकद देऊ लागतं. याला म्हणतात 'रिमॅप'. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून फोटोवाल्यांना हा प्रकार फारसा आवडत नाही. त्यांचा जीव रॅपवर, म्हणजे रंगाऐवजी गाडीला चिकटवलेल्या रंगीत विनाइलवर, आणि पत्र्याच्या कामावर.

हा नाद आपल्याकडे अलीकडे आला, असं मात्र नाही. १९१० साली कलकत्त्यात राहणाऱ्या मॅथ्यूसन नावाच्या एका हौशी इंग्रजानं इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्टच्या ब्रुक कंपनीकडून चक्क राजहंसाच्या आकाराची मोटार बनवून घेतली. हंसाच्या चोचीतून वाफेचा फवारा उडे आणि मागून चुना टपके. ती पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा असा गोंधळ उडाला, की पोलिसांनी तिला बंदी केली असं सांगतात. पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली आणि आता नेदरलँड्समधल्या हेग शहरी लाउमन संग्रहालयात आहे. कोल्हापूरकरांना इतकं लांब जायला नको. छत्रपतींच्या घराण्यातली भगव्या रंगाची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यात ते पाहत आलेले आहेत. त्या काळी संस्थानिक परदेशी कंपनीकडून सांगाडा नि इंजिन घेत आणि वरचं अंग आपल्या मर्जीनुसार घडवून घेत. आज त्याच हौसेला 'कस्टम' म्हणतात, एवढाच फरक.

हंसाच्या गाडीत हौस होती. मद्रासकडच्या गाड्यांत हौसेच्या जोडीला गरजही होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ची. दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या शोलावरमच्या धावपट्टीवर त्याच्या शर्यती भरत. परदेशातून शर्यतीची गाडी आणणं ऐपतीबाहेरचं आणि परवान्यांच्या काळात जवळपास अशक्य. म्हणून जे हाताशी होतं त्यालाच तासून-घासून वेगवान केलं जाई. त्यात आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, आघाडीवर होती. एकेकाळी मुंबईच्या रस्त्यावर काळ्या-पिवळ्या रंगात भाडं मारणाऱ्या गाडीचीच ही बहीण.

या कसबाचं सर्वांत ठळक नाव म्हणजे कोइंबतूरचे एस. करिवर्धन. मारुती ८०० चं इंजिन घेऊन त्यांनी एकच आसन असलेली, उघड्या चाकांची, शर्यतीसाठीचीच गाडी बांधली आणि ती सामान्य होतकरू चालकाच्या आवाक्यात ठेवली. १९९० साली क्लबचा स्वतःचा ट्रॅक इरुंगाट्टुकोट्टैला सुरू झाला तेव्हा अशा देशी गाड्यांना हक्काची जागा मिळाली. पुढे फॉर्म्युला मारुतीच्या, म्हणजे अशाच गाड्यांच्या, इथल्याच एका शर्यतीत एक कोवळा मुलगा पहिल्यांदा उतरला आणि थेट विजेत्यांच्या चौथऱ्यावर उभा राहिला. तो नारायण कार्तिकेयन. २००५ साली तो जॉर्डन संघातर्फे फॉर्म्युला वनमध्ये गेला. तिथं पोचलेला पहिला भारतीय. बाजारहाट करणाऱ्या ८०० च्या इंजिनापासून निघालेला रस्ता कुठवर गेला, ते यावरून पाहावं. करिवर्धन मात्र ते पाहायला नव्हते. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. कोइंबतूरच्या ट्रॅकला त्यांचं नाव आहे.

महाराष्ट्राचा धागा फियाटवर संपत नाही. २०१० साली फोक्सवॅगननं पोलो गाडीची स्वतंत्र शर्यतमालिका सुरू केली. चाकणच्या कारखान्यातल्या या गाडीचं शर्यतीचं रूप इरुंगाट्टुकोट्टैच्या डांबरावर धावलं. आत मागची आसनं नाहीत, त्याऐवजी गाडी उलटली तरी चालकाचं डोकं वाचावं म्हणून पोलादी नळ्यांचा पिंजरा. भारतात पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण गाडीत बदल करणाऱ्या तरुणांचं तिच्यावरचं प्रेम काही आटलेलं नाही.

मग ही सारी मंडळी आपापल्या गावात, रस्त्यावरच हौस का भागवत नाहीत? कारण कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यानं आरसी बुकातली नोंद आणि निर्मात्याचा मूळ तपशील यांत तफावत पडेल. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्टच सांगितलं. रंग बदलणं किंवा किरकोळ जोडकाम चालेल, गाडीच्या रचनेला हात लावायचा नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंडही ठरवून दिला: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. काचांच्या काळ्या फिल्मवर न्यायालयाचा बडगा त्याआधीच, २०१२ मध्ये पडला होता. रंग बदलला तरी आरटीओत नोंद हवी. सीएनजी किट बसवणं किंवा अपंग व्यक्तीला चालवता यावी अशी गाडीची फेररचना करणं, यांना मात्र रीतसर वाट आहे.

कायदा कडक आहे, पण अनाठायी नाही. बॉनेटपुढच्या जाडजूड लोखंडी गजांनी पादचाऱ्याचं काय होतं, आणि कान फाडणाऱ्या सायलेन्सरनं रात्री अकराला शेजारच्या आजारी माणसाचं काय होतं, हे ज्यानं पाहिलं त्याला तो पटेल. चूक एवढीच, की निष्णात हातानं, मोजमाप करून केलेलं काम आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दोन तासांत ठोकून दिलेलं काम, यांत आपली व्यवस्था फरक करत नाही. तपासणी करून परवाना देण्याची सोपी सोय हवी होती. तोवर बंदिस्त ट्रॅक हाच अशा गाड्यांचा आसरा आहे. निव्वळ शर्यतीच्या गाड्या तर तिथं स्वतःच्या चाकांवर येतही नाहीत, ट्रकवर चढवून आणल्या जातात.

जुन्या गाड्यांचं दैव थोडं बरं. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी, की गाडीचं मूळ रूप फारसं बदललेलं नसावं आणि ती रोजच्या वापराला काढू नये.

आता पॅडॉकमध्ये आणि ट्रॅकवर काढायच्या फोटोंकडे. अशा ठिकाणी एकट्यानं जाण्यात मजा नाही आणि शहाणपणही नाही. तिघे-चौघे मित्र असले की कामं वाटून घेता येतात: एकानं पॅडॉकमधल्या उभ्या गाड्या टिपाव्यात, दुसऱ्यानं प्रेक्षकांच्या सज्जातून धावत्या गाड्या, तिसऱ्यानं माणसं. नाहीतर संध्याकाळी चौघांच्याही फोनात त्याच लाल गाडीचा तोच कोन निघतो.

चेन्नईचं ऊन हा पहिला शत्रू. भर दुपारी चकचकीत बॉनेट म्हणजे आरसाच. त्यात आकाश, तंबू आणि फोटो काढणाऱ्याचा पिवळा टी-शर्ट सगळं उमटतं. म्हणून जाणते लोक गडद कपडे घालतात, सकाळी लवकर येतात आणि भिंगावर पोलरायझर फिल्टर चढवतात. तो फिरवला की काचेवरची आणि रंगावरची बरीच चकाकी उतरते. क्रोमवर मात्र त्याची मात्रा चालत नाही. उघड्या धातूवरून परतलेला प्रकाश त्याला अडवता येत नाही.

उभ्या गाडीसाठी गुडघ्यावर बसावं आणि कॅमेरा दिव्यांच्या उंचीवर आणावा. गाडी थोडी तिरकी, पुढची चाकं अशी वळवलेली की टायरची नक्षी न दिसता अलॉयचा चेहरा दिसेल. फोन गाडीच्या फार जवळ नेला तर नाक फुगतं आणि मागचं अंग आक्रसतं. चार पावलं मागे जाऊन झूम केलं की गाडी आपल्या खऱ्या प्रमाणात येते. पण पूर्ण गाडीचे फोटो सगळेच काढतात. कसब दिसतं ते बारकाव्यात. पिंजऱ्याच्या नळ्यांचा वेल्डिंगचा सांधा, टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट चहूकडे सारखी आहे का, आसनांची शिवण, इंजिनाभोवती नीट बांधलेल्या वायरी, हे टिपलं की काम करणाऱ्याची तयारी कळते.

धावत्या गाडीचं गणित उलटं. शटर फार वेगवान ठेवलं तर ताशी दीडशेनं जाणारी गाडी पार्क केल्यासारखी दिसते. त्यामुळे सेकंदाचा साठावा भाग किंवा त्याहूनही मंद वेग ठेवून, कमरेतून वळत, गाडीच्या गतीनं कॅमेरा फिरवायचा. गाडी स्पष्ट येते, मागची पार्श्वभूमी रेघांत विरते. दहातले नऊ फोटो फुकट जातात आणि त्याचं कुणी मनावर घेत नाही.

फुकट गेलेल्या फोटोचंही कधीकधी सोनं होतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फ्रेंच ग्राँ प्रीमध्ये झाक आँरी लार्तिग या तरुण मुलानं असाच कॅमेरा फिरवत एक गाडी टिपली. त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट काचेवरून हळूहळू सरकत असल्यानं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलं आणि मागचे प्रेक्षक उलट्या दिशेला कलले. अर्धी गाडी चौकटीबाहेर गेली. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लार्तिगचं प्रदर्शन झालं आणि आज तो फोटो वेगाचं चित्र म्हणून जगभर ओळखला जातो. आपले फोनही चित्र ओळीओळीनं वाचतात, म्हणून वेगानं जाणारी गाडी त्यांतही तिरकी होते. ट्रॅकवर हा प्रयोग मुद्दाम करून पाहण्यासारखा आहे.

काही पथ्यं आहेत. गाडीला हात लावायचा नाही. पट्ट्याच्या बक्कलनं किंवा बॅगेच्या चेननं पडलेला एक ओरखडा मालकाच्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवतो. दार उघडायचं तर विचारून. ट्रॅकलगतच्या कठड्याजवळ परवानगी असलेल्यांनीच जावं. जाळीमागून काढायचं असेल तर भिंग जाळीला जवळजवळ टेकवावं, म्हणजे तारा दिसत नाहीत. परतीच्या वाटेवर हमरस्त्यावर डिकीत बसून मागच्या गाडीचे फोटो काढण्याचा मोह तर साफ टाळावा. तो गुन्हाही आहे आणि जिवावरचा खेळही.

फोटो इतरांना दाखवण्याआधी नंबर प्लेट पुसून टाकावी, कारण रस्त्यावर येणाऱ्या गाडीचा असा फोटो मालकाच्या अंगाशी येऊ शकतो. आणि एक विनंती. फोटोखाली गाडीचं मॉडेल लिहितात, मालकाचं कौतुक करतात. पॅडॉकमध्ये चौकशी करून, ज्यानं पत्रा ठोकला, वेल्डिंग केलं, इंजिन बांधलं त्या मिस्त्रीचं नावही, त्याची हरकत नसेल तर, तिथं लिहावं.