सेवा केंद्राचा जुना कॉम्प्युटर : दुरुस्त करावा की मिनी पीसी घ्यावा?

हिंगोली : विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. गावच्या सेवा केंद्रात सातबारा, पीक विमा, अंगठा लावून पैसे काढणं, सगळं कॉम्प्युटरवरच होतं. त्यामुळे हा प्रश्न लोकांच्या पैशाचाही आहे.

आधी मशीन तपासा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल आणि टीपीएम २.० असेल, तर विंडोज ११ चालतं. मशीन नुसतं हळू असेल तर एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा. कमी खर्चात काम भागतं.

प्रोसेसर त्याहून जुना असेल तर बदललेलं बरं. मिनी पीसी वीज कमी खातो, म्हणून लाईट गेली तरी त्याच यूपीएसवर जास्त वेळ चालतो. अर्धा भरलेला फॉर्म वाया जात नाही. पण बिघडला तर सुटे पार्ट तालुक्याला मिळतीलच असं नाही. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्याच.

यूएसबी पोर्ट मोजून घ्या : प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, कीबोर्ड, माऊस.

जुनं मशीन विकताना हार्डडिस्क काढून ठेवा. गावाची कागदपत्रं तिच्यात असतात.