बाजारातून ताटात : सिमला मिरची शेवटी टाका

गेल्या आठवड्यात शेवग्याच्या पाल्याबद्दल लिहिलं, तेव्हा लोहाचा विषय अर्धाच राहिला होता. पाला, ज्वारी, हरभरा यांत लोह असतं हे खरं. पण वनस्पतीतलं लोह आपलं आतडं सहजासहजी घेत नाही. धान्य-डाळींतलं फायटेट त्याला बांधून ठेवतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल, तर ते लोहाचं रूप बदलून त्याला विरघळलेलं ठेवतं आणि मग ते अंगी लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. हैदराबादच्या दिलसुखनगरात भाकरी-पिठलं खाणाऱ्या आपल्या मराठी घरांनी म्हणूनच आपल्या ताटात लोहाच्या जोडीला काय असतं, हे बघायला हवं. माझं उत्तर आहे सिमला मिरची.

क जीवनसत्त्व म्हटलं की आपण लिंबू-संत्र्याकडे बघतो. पण १०० ग्रॅम कच्च्या हिरव्या सिमला मिरचीत ते सुमारे ८० मिलिग्रॅम असतं, पिकून लाल झालेलीत सव्वाशेच्या पुढे. संत्र्यात पन्नासच्या आसपास. आपल्याच शहरात, तार्नाक्याला असलेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुचवलेली रोजची गरज बाईसाठी ६५ आणि पुरुषासाठी ८० मिलिग्रॅम आहे. म्हणजे मध्यम आकाराची एक हिरवी मिरची कच्ची खाल्ली, तरी एका माणसाची दिवसाची गरज भागते.

या जीवनसत्त्वाच्या शोधातही मिरचीचा मोठा वाटा आहे. हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना ते अभ्यासापुरतंसुद्धा मिळत नव्हतं. लिंबाच्या रसातून काढायला जावं तर साखर वेगळी करताना नाकी नऊ येत. सेगेद हा मिरचीचा मुलूख. त्यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली लाल मिरची तपासली आणि प्रयोगशाळेत चिमटीने मोजायचा पदार्थ किलोने तयार होऊ लागला. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं.

सरूरनगरच्या रयतू बाजारात हिरवी मिरची ढिगाने असते. लाल-पिवळी दिसली तरी महाग. कारण साधं आहे. हिरवी म्हणजे कच्चं फळ. तेच झाडावर राहू दिलं की जातीप्रमाणे लाल किंवा पिवळं होतं, पण तेवढे आठवडे ऊन, पाऊस आणि किडीपासून त्याला जपावं लागतं. म्हणून रंगीत पीक बहुतेक पॉलिहाउसात घेतात. लाल मिरचीत बीटा-कॅरोटीन हिरवीपेक्षा कितीतरी जास्त, आणि ते अंगी लागायला थोडं तेल हवंच. तरी महिन्याचं गणित बघता मी हिरवीच घ्या म्हणेन. रंगीत मिळाली नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. घेताना देठ हिरवा, साल ताठ आणि हाताला वजन लागेल अशी बघा. तीन कंगोऱ्यांची नर आणि चारांची मादी, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. फळात तसा भेद नसतो. देठाजवळच्या खळग्यात माती आणि फवारणी साचते, तिथे वाहत्या पाण्याखाली बोट फिरवून धुवा. धुवायची ती चिरण्याआधी. चिरून पाण्यात टाकून ठेवलेल्या फोडींतलं क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं.

खरी अडचण कढईत होते. हे जीवनसत्त्व उष्णतेनेही नासतं आणि आपल्याकडची नेहमीची रीत म्हणजे फोडणीत मिरची, झाकण, दहा-पंधरा मिनिटं वाफ, मग बेसन, पुन्हा वाफ. फोडींचा रंग पोपटीवरून शेवाळी झाला की समजा, हरितद्रव्य मोडलं आणि शिजवणं गरजेपेक्षा जास्त झालं.

पीठ पेरलेली भाजी उलट क्रमाने करून बघा. आधी कोरड्या कढईत बेसन मंद आचेवर खमंग भाजून बाजूला काढा. कढई पुसून तेल तापवा. मोहरी, हिंग, हळद. आता आच मोठी करा, फोडी टाका, मीठ घाला आणि तीन-चार मिनिटं परता. फोडीची कड जराशी डागाळेल, पण दाताखाली ती करकरीत लागली पाहिजे. मग भाजलेलं पीठ पेरा, पाण्याचा हबका मारा, दोन मिनिटं झाकण, गॅस बंद. लिंबू ताटात पिळा. पीठ आधीच भाजलेलं असल्याने कच्चट लागत नाही आणि मिरचीला वाट पाहत शिजत राहावं लागत नाही. हरभऱ्यातलं लोह, मिरचीतलं आणि लिंबातलं क जीवनसत्त्व, शेजारी ज्वारीची भाकरी. इतकी जुळलेली जोडी दुसरी क्वचितच सापडेल.

शेजारच्या तेलुगू घरांतही सेनगपिंडी, म्हणजे बेसन, घालून हीच भाजी होते. त्यांच्याकडून घ्यावी ती मात्र पच्चडी. फोडी थोड्या तेलात चटकन परतायच्या, भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल मिरच्या आणि चिंचेबरोबर भरड वाटायच्या, वरून उडीदडाळ-कढीपत्त्याची फोडणी. गरम भातावर तूप आणि ही पच्चडी, दुसरं काही लागत नाही. हैदराबादी सालन सिमला मिरचीचं करणार असाल, तर शेंगदाणे, तीळ, सुक्या खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत एकटंच शिजू द्या आणि परतलेली मिरची अखेरच्या पाच मिनिटांत सोडा.

तिखटपणा देणारं कॅप्सेसिन या मिरचीत तयारच होत नाही, त्यामुळे मुलांच्या डब्यात कच्च्या चकत्या द्यायला हरकत नाही. सालीने ज्यांना पोट फुगल्यासारखं होतं, त्यांनी ती गॅसवर काळी पडेपर्यंत भाजावी, झाकून ठेवावी आणि साल ओढून काढावी. क जीवनसत्त्व थोडं जाईल, पण भाजी पचेल.

आणि जेवण उरकताच चहा नको. त्यातली टॅनिनं लोहाला पुन्हा बांधतात, तासभर थांबा. पुढच्या आठवड्यात गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी.