मोटारीचे यंत्र ओ देत नाही तेव्हा



रात्रीची लाइन म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगायला नको. हरभऱ्याला पाणी द्यायचे असते. थंडी मी म्हणत असते. हातात बॅटरी घेऊन धुऱ्याधुऱ्याने विहिरीवर जायचे, आणि पायाखाली साप निघेल की विंचू याचा नेम नाही. घरची माणसे दाराकडे कान लावून जागी असतात.

म्हणून अलीकडे कित्येक घरांत आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला जाणारा मुलगा, कधी मुलगीही, थोडे सुटे भाग आणून एक लहानसे यंत्र जुळवते आणि घरबसल्या मोबाईलवरून मोटार सुरू-बंद करून दाखवते. पहिले चार दिवस मोठ्या कौतुकाचे जातात. पाचव्या दिवशी यंत्र ओ देत नाही. घडीत लागते, घडीत तुटते. मग वडील म्हणतात, “मी म्हणतच होतो!” आणि ते यंत्र फळीवर जाऊन बसते.

तसे करू नका. हा दोष बहुधा घरीच सापडतो. पण तो शोधायला क्रम लागतो. वैद्य आधी नाडी पाहतो, मग जीभ पाहतो. एकदम दहा औषधे देत नाही. आपणही एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू लागले, तर गुण कशाने आला हे कळत नाही आणि महिन्याने पुन्हा तेच दुखणे पुढे येते.

यंत्राच्या पोटात काय असते

अशा यंत्रात बहुतेक वेळा ईएसपी ८२६६ किंवा ईएसपी ३२ या नावाची चिप असते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने पहिली २०१४ साली आणि दुसरी २०१६ साली बाजारात आणली. चिप नखाएवढी, पण वायफाय तिच्या पोटातच असते. तिला ३.३ व्होल्ट वीज लागते. ती २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलते. या लहरी घरगुती यंत्रांसाठी वापरायला आपल्या देशात २००५ सालापासून परवाना लागत नाही.

पहिली खूणगाठ इथेच बांधा. आजकालचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरी सोडतात. या दोन चिपांना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. दोन्हींना एकच नाव दिले असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नावे वेगळी करा आणि यंत्राला २.४ चेच नाव द्या.

आधी वही, मग पेचकस

आठ दिवस एक वही ठेवा. यंत्र केव्हा तुटले, त्या वेळी मोटार चालू होती की बंद, लाइन गेली होती का, ऊन होते की पाऊस, एवढेच लिहा. घरातली मुले हे काम हौसेने करतील. आठ दिवसांनी ती वहीच बोलू लागते.

मोटार सुरू होताक्षणीच यंत्र तुटत असेल, तर दोष विजेचा किंवा ठिणगीचा. लाइन आल्यावर यंत्र परत येतच नसेल, तर दोष राउटर आणि यंत्र यांच्या उठण्याच्या वेळेचा. पावसाळ्यात बाग दाट झाल्यावरच त्रास होत असेल, तर दोष पानांचा. भर दुपारी, मे महिन्यातच होत असेल, तर उन्हात तापलेल्या पेटीचा. आपल्याकडे सावलीत पंचेचाळीस अंश होतात, तर बंद लोखंडी पेटीत काय होत असेल ते सांगायला नको. स्वस्त अडॅप्टर आणि कपॅसिटर ती धग फार दिवस सोसत नाहीत.

मग एक सोपी परीक्षा घ्या. यंत्र सोडवून घरी आणा, राउटरपासून दोन-तीन मीटरवर ठेवा आणि मोबाईलच्या चांगल्या चार्जरवर रात्रभर चालवा. घरीही तुटत असेल तर दोष यंत्रात किंवा त्याच्या प्रोग्रॅममध्ये आहे. घरी नीट चालले आणि वावरात रुसले, तर दोष तिथल्या विजेत किंवा जागेत आहे. या एका रात्रीने निम्मे काम होते.

विजेची उपासमार

अनुभव असा की वायफायचा म्हणून जो दोष आपण समजतो, तो पुष्कळदा विजेचा निघतो. ही चिप एरवी थोडी वीज खाते. पण निरोप पाठवताना क्षणभर एकदम ओढ घेते. अर्धा अँपिअर देऊ शकेल असा अडॅप्टर तिला हवाच. त्या क्षणी वीज कमी पडली की चिप बेशुद्ध होते आणि पुन्हा पहिल्यापासून उठते. साधा मल्टिमीटर ती क्षणाची घसरण दाखवत नाही. तो आपला पाच व्होल्टच सांगतो आणि आपण फसतो.

ठिबकच्या नळीचे उदाहरण घ्या. लांब आणि बारीक नळीच्या शेवटच्या झाडाला पाणी पोहोचत नाही. तारेचेही तसेच. मोबाईलच्या स्वस्त चार्जिंग वायरीसारखी बारीक तार दहा मीटर ओढली, तर जाऊन-येऊन तिचा अडथळा चार ओहमच्या वर जातो. यंत्राने ०.३ अँपिअर ओढताच सव्वा व्होल्ट वाटेतच मुरतो. पाचाचे पावणेचार होतात आणि पाटीवरचा रेग्युलेटर तेवढ्यावर ३.३ व्होल्ट देऊ शकत नाही.

उपाय स्वस्त आहेत. अडॅप्टर यंत्राजवळ आणा, तार आखूड आणि जाड घ्या. यंत्राच्या वीज घेण्याच्या दोन टोकांवर, अगदी जवळ, ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. दारातल्या रांजणासारखा तो क्षणाची गरज भागवतो. त्याच्या अंगावर उणे टोकाची पट्टी असते. ती उलटी जोडू नका, फुटतो.

खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी आणखी एक पाहावे. पूर्णाकाठच्या खाऱ्या ओलाव्याने तांब्याच्या टोकांना हिरवा गंज चढतो. टोचून बसवलेल्या जोडण्या तिथे टिकत नाहीत. त्या डागून घ्या.

आणि एक धोक्याची गोष्ट. विहिरीवर न्यूट्रल नाही म्हणून जमिनीत सळई ठोकून तिच्यावरच अडॅप्टर चालवण्याचा प्रकार कुठे असेल, तर तो आजच बंद करा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की ती सळई सुटी पडते, व्होल्टेज नाचते आणि यंत्र मरते. त्याहून वाईट म्हणजे सळईला हात लावणाऱ्या माणसाला झटका बसतो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

लोखंड, टिन आणि ओली पाने

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सहज होणारी चूक म्हणजे यंत्र स्टार्टरच्या लोखंडी पेटीत ठेवून झाकण लावणे. वायफायच्या लहरी लोखंडातून जात नाहीत. रांजणात तोंड घालून हाक मारावी, तसे ते होते. यंत्राला वेगळी प्लास्टिकची डबी करा, पेटीबाहेर सावलीत टांगा, आणि पाटीवर जिथे नागमोडी रेघ छापलेली असते ते टोक तारा, रिले आणि टिनपत्रा यांपासून मोकळे ठेवा. ती रेघ म्हणजेच अँटेना.

लहरींची ताकद डीबीएम या मापाने मोजतात आणि मोबाईलवर ती दाखवणारी फुकट ॲप मिळतात. आकडा उणे असतो. उणे ६० म्हणजे चांगले, उणे ७० म्हणजे काम चालेल, उणे ८० म्हणजे भरवसा नाही. डबी जिथे टांगायची त्याच जागी मोबाईल धरून मोजा. मोबाईलची अँटेना बरी असते, म्हणून यंत्राला त्याहून थोडे कमीच मिळेल असे धरा. अंतर दुप्पट झाले की ताकद चौथाई उरते, हेही लक्षात असू द्या.

संत्र्याच्या आणि केळीच्या बागेत आणखी एक अडचण असते. या लहरी पाण्यात मुरतात, आणि पान म्हणजे पुष्कळसे पाणीच. उन्हाळ्यात चाललेली जोडणी श्रावणात तुटते ती यामुळे. नुसती दोन टोके एकमेकांना दिसून भागत नाही. दोनशे मीटरच्या अंतरात मधोमध त्या रेषेभोवती सगळीकडून सुमारे अडीच मीटर जागा मोकळी लागते. म्हणून राउटर माडीवर किंवा खांबावर चढवा, यंत्राची बाजूही उंच करा, आणि राउटरची दांडी आडवी न ठेवता उभी ठेवा. शेजारी दोन-तीन राउटर असतील तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांतला मोकळा निवडा.

मोटारीची ठिणगी

कॉन्टॅक्टर सुटताना ठिणगी उडते आणि तिचा गोंगाट तारांतून यंत्रात शिरतो. रिले चालवायला वेगळा अडॅप्टर द्या. यंत्राच्या तारा मोटारीच्या केबलला लागून नेऊ नका. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर त्यासाठीच मिळणारा स्नबर बसवून घ्या.

तारांच्या जागाही पाहा. ईएसपी ८२६६ च्या ०, २ आणि १५ या खुंट्या चिप उठताना तपासते. त्यांवर रिले असेल तर लाइन आल्यावर यंत्र उठतच नाही. ईएसपी ३२ मध्ये वेगळी गंमत आहे. ओलाव्याचा सेन्सर ४, २५, २६ किंवा २७ वर जोडला तर वायफाय चालू असताना त्याचे माप मिळत नाही. तो ३२ ते ३९ यांपैकी असलेल्या खुंटीवर घ्या.

लाइन येते तेव्हा

लाइन आली की यंत्र दोन-तीन सेकंदांत उठते. राउटरला मात्र मिनिट-दोन मिनिटे लागतात. यंत्र हाक मारते, ओ मिळत नाही, आणि पुष्कळ प्रोग्रॅम तिथेच थांबून बसतात. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला सांगा: दर अर्ध्या मिनिटाने पुन्हा हाक मार, आणि दहा मिनिटे ओ नाही आली तर स्वतःहून पहिल्यापासून उठ. राउटरमध्ये या यंत्राला कायमचा पत्ता राखून ठेवा.

लाइन येताच आपोआप मोटार सुरू करणारे ऑटो स्विच काढा, असे महावितरण वारंवार सांगत आले आहे. सगळ्यांच्या मोटारी एकदम उठल्या की डीपीवर भार पडतो आणि ती जळते. आपल्या घरच्या यंत्राने ही चूक पुन्हा करू नये. लाइन आल्यावर पाच-दहा मिनिटे थांबूनच ते मोटार लावील असे करा.

अंतर फारच असेल तर

वावर एक-दोन किलोमीटर दूर असेल तर घरच्या वायफायशी झगडू नका. तिथे सिमकार्डावर चालणारे यंत्र किंवा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारे लोरा बरे. लहर लांब असली की ती झाडीतून अधिक दूर जाते. मेळघाटातल्या हरिसालला २०१६ साली डिजिटल गाव करताना मायक्रोसॉफ्टने दूरदर्शनच्या रिकाम्या लहरींचा उपयोग केला, तो डोंगर-जंगलातली हीच अडचण ओळखून.

शेवटचे आणि महत्त्वाचे

एवढे सगळे केले तरी वायफाय कधी ना कधी तुटणारच. ते तुटले तर आपले काय बिघडेल, याचा विचार आधी करा. मोटार चालू असताना जोडणी गेली आणि विहीर आटली, तर मोटार जळते. आंबिया बहारासाठी बाग ताणावर सोडलेली असताना चुकून पाणी गेले, तर ताण मोडतो आणि वर्षाचा बहार हातचा जातो.

म्हणून तीन गोष्टी यंत्रात असल्याच पाहिजेत. एक, ठरलेला वेळ झाला की वायफाय असो वा नसो, यंत्राने स्वतःच मोटार बंद करावी. दोन, ओव्हरलोड आणि पाणी नसल्यास मोटार तोडणारे संरक्षण स्टार्टरमध्ये वेगळे असावे, यंत्राच्या भरवशावर नसावे. तीन, तुटलेली जोडणी परत आल्यावर यंत्राने कालचा पडून राहिलेला “चालू कर” हा निरोप पाळू नये, नवा निरोप मागावा.

हा जुना निरोप जीवावर बेतू शकतो. कुणी विहिरीत उतरून मोटारीला हात लावला असेल आणि तेवढ्यात यंत्र जागे झाले तर? म्हणून मोटारीचे काम करायच्या आधी मोबाईलवर बंद करून थांबू नका. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, आणि घरी सांगून जा.

फळीवर टाकलेले ते यंत्र आज संध्याकाळी खाली काढा. मुलाला रागे भरू नका. वही आणि मल्टिमीटर घेऊन त्याच्या शेजारी बसा. यंत्र नीट चालू लागले, तर रात्रीची ती पायपीट वाचेल आणि घरची माणसे दाराकडे कान न लावता झोपतील.