उसाची नोंद कुठून कुठं जाते?



कारखाना म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गव्हाण, मिल, बॉयलर आणि साखरेची पोती येतात. गळीत हंगामात मिल दोन तास बंद पडली तरी गव्हाणीपासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागते आणि बातमी रात्रीतून गावोगाव पोहोचते. परंतु याच कारखान्यात कागदाचीही एक मिल रात्रंदिवस चालू असते. ती कुठं अडली तर रांग कुणाला दिसत नाही. एक सभासद आपली पिशवी घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असतो, एवढंच. या अंकात आम्ही या कागदाच्या मिलविषयी लिहीत आहोत.

विषय निघाला तो थेरगावकडच्या सभासदांत. थेरगाव, पुनावळे, रावेत ही पवनेकाठची गावं. जिथं शेतं होती तिथं आता इमारती आहेत, आणि सकाळी डांगे चौकातून हिंजवडीकडे जाणारी वाहनं मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. त्या गर्दीत आपल्या सभासदांचीही पोरं असतात. त्यांच्या तोंडी एक शब्द नेहमी ऐकू येतो, ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’. बापाला वाटतं, पोरगं बिल्डिंगच्या धंद्यात पडलं! तसं ते अगदीच चूक नाही म्हणा. १९८७ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीतल्या जॉन झॅकमन यांनी या विषयावर एक लेख लिहिला, त्यात त्यांनी घरबांधणीचाच दाखला घेतला होता. घर एकच असतं, पण मालकाच्या मनातलं चित्र वेगळं, आर्किटेक्टचा नकाशा वेगळा आणि गवंड्याच्या हातातला कागद वेगळा. हे तिन्ही एकमेकांशी जुळले तर घर नीट उभं राहतं. मोठ्या संस्थेचंही तसंच. कोणतं खातं काय करतं, कोणती माहिती कुठं जन्मते, ती कुणाकडे जाते आणि कोणत्या यंत्रावर साठते, हा सगळा नकाशा म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चर. आम्ही त्याला ‘कामकाजाची घडण’ म्हणू. तो तपासायचा आणि सुधारायचा, हा आजचा विषय.

आता आपल्या उसाचंच बघा. लागण झाली की सभासद गट ऑफिसात नोंद देतो. गट नंबर, क्षेत्र, ८६०३२ की २६५, आणि लागणीची तारीख. मग शेतकी खात्याचा माणूस प्लॉट बघून जातो. त्या तारखेवरून तोडणीचा प्रोग्राम लागतो, चिटबॉयकडून चिठ्ठी मुकादमाच्या टोळीला मिळते, गाडी काट्यावर येते, भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती. पुढं केन अकाउंट, त्यातून सोसायटीची आणि खतांची कपात, शेवटी बँक. शेअर विभागाचं रजिस्टर या सगळ्यांपासून बाजूलाच. म्हणजे एका उसाची नोंद पाच-सहा हातांतून जाते, आणि प्रत्येक हात ती नव्यानं लिहीत असेल तर प्रत्येक ठिकाणी चुकायला जागा आहे.

तारीख चुकली तर काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. आडसाली ऊस ऑगस्टचा असून नोंदीत ऑक्टोबर पडला की तो प्रोग्रामात मागे जातो. शेजाऱ्याच्या फडात कोयता लागतो आणि आपल्या उसाला तुरा येतो. वजन गेलं, ते परत येत नाही.

पण त्याहून अवघड प्रकरण नावाचं. शेअर रजिस्टरात ज्ञानोबा, सातबाऱ्यावर ज्ञानेश्वर, बँकेत नुसतं डी. के. माणूस तोच, पण कागदाला ते कसं कळावं? ज्ञानोबा हयात आहे तोवर तो येऊन सांगतो तरी, ‘अहो, हा मीच.’ तो गेला की पंचाईत. शेअर अजून त्याच्या नावावर, सातबाऱ्यावर तीन वारस, ऊस नोंदीला थोरला मुलगा आणि बँक खातं धाकट्याचं. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज. कायदा चांगला आहे. मात्र पैसे नेमके कुणाला द्यायचे हेच कागदावर ठरत नसेल, तर भावाभावांत उठलेलं भांडण त्या व्याजानं मिटत नाही. पिंपरी-चिंचवडच्या कडेच्या गावांत तर जमिनींच्या वाटण्या, विक्री आणि संपादन इतकं झालं आहे की आजोबांच्या नावाचा शेअर आणि नातवाचा मावळातला ऊस यांचा धागा जोडणं हेच एक काम होऊन बसतं.

यावर कुणीही पटकन म्हणेल, ‘नवं सॉफ्टवेअर आणा.’ आमचं मत थोडं निराळं आहे. त्यासाठी वारणेचं उदाहरण बघण्यासारखं आहे.

तात्यासाहेब कोरे यांनी कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला उभा केलेला सहकारी साखर कारखाना आपल्या सर्वांना माहीत आहे. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून तिथं ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी तो आखला होता. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं तांत्रिक साहाय्य होतं. गावात संगणक केंद्र, त्यावर मराठीतून पिकांची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना आणि अर्थातच उसाचा हिशोब. त्या काळात खेड्यात संगणक येणं हीच नवलाई होती, आणि ते धाडस वारणेनं केलं हे आम्ही आदरानं नमूद करतो.

पुढं बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे राजेश वीरराघवन, केंटारो टोयामा आदी संशोधक तिथं गेले. त्यांनी आधी यंत्र तपासलं नाही, वापर तपासला. शेतकरी केंद्रावर येऊन नेमकं काय विचारतो? तर माझ्या उसाचं वजन किती भरलं, तोडीची परवानगी कधी, खत किती उचललं. बाकीच्या मोठ्या योजनेतलं फारसं काही वापरात नव्हतं. संगणक ऑपरेटरच चालवत होता आणि ते यंत्र मुख्यतः गाव आणि कारखाना यांच्यात आकडे ने-आण करत होतं. त्यातून वीज, दुरुस्ती आणि टेलिफोन लाइन यांचा खर्च वेगळाच.

मग प्रश्न सोपा झाला. चार आकडेच हवे असतील तर मोबाइलचा एसएमएस का पुरू नये? सात गावांत आठ महिने प्रयोग झाला. कारखान्यात एक संगणक, त्याला जोडलेला एक मोबाइल, आणि गावातून आलेल्या संदेशाला उत्तर. २००७ साली निष्कर्ष मांडले गेले. संगणकावरची सगळी कामं त्यावर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती पद्धत जास्त आवडली.

यातली मेख अशी की वारणेच्या प्रयोगात यंत्र लहान झालं आणि काम सुधारलं. कारण कुणीतरी केंद्रावर उभं राहून पाहिलं, की कागदावरच्या योजनेत काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय चाललंय. दोन्हीतलं अंतर मोजलं. संस्थेच्या घडणीची तपासणी ती हीच. ती न करता नवं सॉफ्टवेअर घेतलं तर ज्ञानोबा आणि ज्ञानेश्वर हे दोन वेगळे इसम आहेत, ही चूक आणखी झपाट्यानं छापून येईल!

आपल्याकडे काय करता येईल? आमच्या मते आधी एका गटातल्या वीस-पंचवीस नोंदी घ्याव्यात आणि लागणीपासून बँकेपर्यंत त्यांच्या मागं चालत जावं. नाव कितीदा लिहिलं गेलं, कुठं बदललं, कोणता कागद किती दिवस कुणाच्या टेबलावर बसला, सभासदाला किती खेपा पडल्या, हे वहीत टिपावं. त्यानंतर शेअर, शेतकी, काटा आणि हिशोब या चारही ठिकाणी एकच सभासद क्रमांक चालावा. नाव एकाच खात्यानं बदलावं आणि बाकीच्यांनी तिथूनच घ्यावं. चिटबॉय आणि काट्यावरचा कारकून यांना या कामात बसवलंच पाहिजे, कारण चूक सर्वात आधी त्यांना दिसते. थेरगाव-वाकडच्या संगणकवाल्या पोरांनीही एक रविवार गट ऑफिसात काढावा. कंपनीच्या थंडगार खोलीत न दिसणारं बरंच काही तिथं दिसेल, चहा आमच्याकडून.

सभासदांच्या बाजूचं काम आताच सुरू करता येईल. चालू सातबारा, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि शेअर सर्टिफिकेट असे तीन कागद घरात शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर वाचून बघावं. फरक असेल तर हंगामाआधी गट ऑफिसात अर्ज द्यावा. वारसदाराचं नामनिर्देशन केलं नसेल तर तेही त्याच खेपेत करावं, आणि वडीलधाऱ्यांना सोबत आणावं. जुन्या रजिस्टरातला ज्ञानोबा कोण, हे त्यांनाच ठाऊक असतं.