कृष्णाकाठचे कलेचे वर्ष

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले कलेचे वर्ष 5 नोव्हेंबरपासून मोजायला हरकत नाही. हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो आणि त्याचा मान सांगलीचा आहे. 1842 च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत आली होती. त्यांचे खेळ पाहून संस्थानचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना तसेच काही मराठीत करून दाखवायला सांगितले. त्यातून 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. सूत्रधाराने पदे गायची, पात्रांनी त्या आधारे आपापली भाषणे आयत्या वेळी रचून म्हणायची, मध्ये विदूषकाने हसवायचे आणि राक्षसांनी आरडाओरडा करीत रंगमंच दणाणून सोडायचा, अशी त्या खेळाची धाटणी होती. लिहिलेली संहिता नंतरच्या पिढीने आणली. त्या पिढीतले दोन मोठे नाटककारही याच परिसरातले होते. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे, तर ‘कीचकवध’ आणि ‘मानापमान’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. नाट्यपंढरी हे विशेषण सांगलीला उगाच चिकटलेले नाही.

दरवर्षी 5 नोव्हेंबरला अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समितीच्या वतीने रंगभूमीवरच्या एका ज्येष्ठ कलावंताला विष्णुदास भावे गौरव पदक दिले जाते. पहिले मानकरी बालगंधर्व होते. 2023 मध्ये ते प्रशांत दामले यांना मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाची मुहूर्तमेढही सांगलीतच रोवली गेली. मुंबई-पुण्यात रोज पुरस्कार वाटले जातात, पण या पदकाला नाटकवाल्यांच्या मनात वेगळे स्थान आहे. ते घ्यायला कलावंताला स्वतः सांगलीला यावे लागते, आणि समोर बसलेला प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या नाटक पाहत आलेला असतो.

पदकाचा सोहळा एका संध्याकाळचा असतो. त्यानंतर महिनाभर जे चालते ते जास्त मोलाचे. राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा केंद्राकेंद्रांवर होते आणि सांगली हे त्यातले एक जुने केंद्र आहे. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, महाविद्यालयीन मुले, दुकानदार अशी माणसे दिवसाचे काम आटोपून रात्री तालमी करतात. नेपथ्याचा टेम्पो दुपारी येतो, संध्याकाळपर्यंत घर, वाडा किंवा तुरुंग उभा राहतो आणि प्रयोग संपताच दुसऱ्या दिवशीच्या संघासाठी तो मोडून रंगमंच मोकळा करून द्यावा लागतो. तिकीट अगदी नाममात्र असते. प्रायोगिक मराठी नाटक पुण्याबाहेर कसे जगते हे ज्याला पाहायचे असेल, त्याने या स्पर्धेतले लागोपाठ चार-पाच प्रयोग तरी पाहावेत. साताऱ्यात हीच भूमिका शाहू कला मंदिर निभावते. व्यावसायिक नाटकांचे दौरे, शाळांची स्नेहसंमेलने आणि गाण्यांचे कार्यक्रम या सगळ्यांची भिस्त त्या एकाच सभागृहावर असल्याने तारखांची ओढाताण नेहमीची आहे.

थंडीत पुस्तकांचा हंगाम सुरू होतो. साताऱ्यात जानेवारीच्या सुमारास जिल्हा ग्रंथमहोत्सव भरतो. शाळकरी मुलांच्या ग्रंथदिंडीने त्याची सुरुवात होते. साहित्य संमेलनाशीही साताऱ्याचे नाते जुने आहे. 1905 चे ग्रंथकार संमेलन, 1962 चे न. वि. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालचे संमेलन आणि 1993 चे विद्याधर गोखले यांच्या अध्यक्षतेखालचे संमेलन इथेच भरले. 99व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी पुन्हा साताऱ्याचीच निवड झाली. 1 ते 4 जानेवारी 2026 या त्याच्या तारखा आणि ‘पानिपत’कार विश्वास पाटील हे त्याचे अध्यक्ष. मोठ्या संमेलनाचा मांडव चार दिवसांत उतरतो. पाचगणीजवळच्या भिलारला मात्र पुस्तके बारा महिने मांडलेली असतात. 4 मे 2017 रोजी हे स्ट्रॉबेरीचे गाव ‘पुस्तकांचं गाव’ झाले. घरांच्या ओसऱ्या, शाळा आणि देवळे यांत विषयवार पुस्तके लावली गेली. कोणीही यावे, बसावे आणि वाचावे.

सांगली जिल्ह्यातले औदुंबरचे संमेलन याहून निराळे आहे. कृष्णेच्या काठी दत्ताचे हे छोटे क्षेत्र. मकरसंक्रांतीला इथे सदानंद साहित्य संमेलन भरते. कवी सुधांशु याच गावचे. त्यांनी आणि सोबत्यांनी अकाली गेलेल्या एका मित्राच्या नावाने हा उपक्रम सुरू केला. प्रवेश शुल्क, निवासाचे पास, अध्यक्षपदाची निवडणूक यातले काही इथे नाही. सकाळी देवदर्शन, मग भाषणे आणि कविता, असा एका दिवसाचा बेत. मराठीतल्या थोरामोठ्या लेखकांनी या छोट्या गावात येऊन हजेरी लावली आहे. साहित्य संमेलन किती कमी खर्चात आणि किती कमी वादात होऊ शकते, याचा औदुंबरइतका चांगला दाखला दुसरा सापडणे कठीण.

वाईत माघ-फाल्गुनाच्या सुमारास कृष्णाबाईचा उत्सव येतो. गंगापुरी, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी अशा एकेका घाटावर आळीपाळीने देवी बसते. कीर्तन, गायन, व्याख्यान आणि शेवटी प्रसादाचे जेवण, असा क्रम प्रत्येक घाटावर असतो. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले, त्या गावाला व्याख्यानाची गोडी नसती तरच नवल. उन्हाळ्यात तिथे वसंत व्याख्यानमाला भरते आणि लोक रोज संध्याकाळी ती ऐकायला येतात.

मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्यातला उरूस मात्र साऱ्या देशातल्या गाणाऱ्यांना ठाऊक आहे. तो हिजरी कालगणनेप्रमाणे येत असल्यामुळे इंग्रजी तारखेच्या हिशेबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. प्लेगच्या आजारात या दर्ग्यात येऊन गाण्याची सेवा केली आणि ते बरे झाले, अशी हकीकत सांगितली जाते. 27 ऑक्टोबर 1937 रोजी दक्षिणेच्या प्रवासात ते वारले. त्यांचे दफन याच दर्ग्याच्या आवारात झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीत सभा होऊ लागली. दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली गवई बसतात, श्रोते मोकळ्या आवारात, आणि गाणे रात्र चढेल तसे रंगत जाते. उरुसाच्या गलेफातला पहिला मान चर्मकार समाजाचा असतो. नवरात्रात याच गावातल्या अंबाबाईच्या देवळात दुसरा संगीत महोत्सव होतो. एका गावात दर्गा आणि देऊळ अशा दोन्ही ठिकाणी अभिजात संगीताची वार्षिक हजेरी लागते, आणि दोन्हीकडचा श्रोता बहुतेक तोच असतो.

त्या श्रोत्याचा कान तयार असण्याचे एक कारण गावातल्याच एका गल्लीत सापडते. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे आणि सतारी बनतात. शस्त्रांना धार लावण्याचे काम करणाऱ्या शिकलगार कारागिरांनी हा हुन्नर आत्मसात केला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारे मोठे कडू भोपळे आणून सुकवतात, मग मापाने कापून त्यावर लाकडी तबकडी आणि दांडी बसवतात. शेवटचे काम सगळ्यांत नाजूक असते. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानसीने थोडाथोडा घासून जवारी काढावी लागते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत कारागीर तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो, पुन्हा ऐकतो. दोरा नेमक्या जागी आला की साधा टणत्कार गुंजारवात बदलतो. हे मोजायला कुठले यंत्र नाही. कान हेच माप. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. उरुसाला येणाऱ्याने या दुकानांत अर्धा तास जरूर घालवावा.

फाल्गुन-चैत्रापासून जत्रा-यात्रांचा काळ. बावधनचे बगाड रंगपंचमीला निघते, खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या तमाशाच्या सुपाऱ्या देतात. या कलेची मुळे सांगली जिल्ह्यात खोल आहेत. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, तर काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी सांगलीजवळच्या कवलापूरची. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. 1 ऑगस्टला त्यांची जयंती असते, तेव्हा त्यांच्या पोवाड्या-लावण्यांचे कार्यक्रम जिल्हाभर होतात. त्यांची ‘फकिरा’ कादंबरी वाचलेल्या माणसाने त्या दिवशी वाटेगावला जाऊन पाहावे.

चित्रपटाच्या बाबतीत या भागाने दिले पुष्कळ. त्या मानाने त्याच्या वाट्याला फार थोडे आले. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानने 1939 च्या सुमारास कैद्यांची खुली वसाहत उभारली. भिंती आणि साखळदंड नाहीत, कैद्याने शेती करावी आणि कुटुंबासह राहावे, अशी कल्पना. त्याच मुलखात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनच्या महोत्सवात तो गौरवला गेला. गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’वर अमोल पालेकर यांनी 1995 मध्ये चित्रपट केला, ती कथाही याच माणदेशातली. वाई आणि मेणवलीचे घाट तर ‘स्वदेस’सारख्या हिंदी चित्रपटांत देशभर पाहिले गेले. तरीही जगातले चांगले चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचे असतील तर इथल्या रसिकाला जानेवारीतल्या पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची किंवा कोल्हापूरच्या महोत्सवाची वाट धरावी लागते. नाटकाला सभागृह आहे, गाण्याला देऊळ आणि दर्गा आहे, पुस्तकाला वाचनालय आहे. चित्रपट पाहून त्यावर बोलायला मात्र हक्काची जागा नाही. जत्रांत तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजनी एकेकाळी हे काम गावोगाव केले. त्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. महाविद्यालये आणि नगर वाचनालये यांनी महिन्याला एक चित्रपट दाखवायचे ठरवले तरी ही उणीव बरीच भरून निघेल.

भाद्रपदात सांगलीच्या गणपती मंदिरात चतुर्थीच्या आधीच ‘चोर गणपती’ गाजावाजा न करता बसतो. तासगावला ऋषिपंचमीला गणपतीचा उंच रथ हजारो माणसे दोराने ओढतात. कडेगावला मोहरमचे गगनचुंबी ताबूत निघतात आणि ते उभारण्यात हिंदू-मुसलमान दोघांचे हात असतात. सप्टेंबरात कासचे पठार फुलू लागते, तेव्हाच साताऱ्यात यवतेश्वर घाटाच्या चढाची अर्धमॅरेथॉन होते. या धावण्याच्या स्पर्धेची सुरुवात 2012 ची. अल्पावधीत तिने शहराला नवी ओळख दिली, ती पाणी देणाऱ्या आणि वाटेत टाळ्या वाजवत उभ्या राहणाऱ्या सातारकरांच्या बळावर.

अश्विन वद्य पंचमीला औंधचा संगीत महोत्सव असतो. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले हे जुने संस्थानी गाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य पं. अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, यांनी 1940 मध्ये हा उत्सव सुरू केला. पुढे त्यांचे पुत्र गजाननबुवा जोशी यांनी तो चालवला आणि त्यानंतर शिष्यपरिवाराने. नव्या गायकाला इथे नामवंताच्या बरोबरीने बसायला मिळते आणि श्रोत्यांत गावचे शेतकरीही असतात. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे राजे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. त्यांनी 1938 मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूरचे शिल्पही आहे. सकाळी संग्रहालय पाहावे आणि मग गाण्याला बसावे, असा दिवस महाराष्ट्रात फार थोड्या गावांत मिळतो.

या सगळ्या कार्यक्रमांत एक समान धागा आहे. बहुतेकांची तारीख तिथीने, गुरूच्या पुण्यतिथीने किंवा एखाद्या स्मरणदिनाने ठरलेली असते, आणि खर्च वर्गणी, देणगी किंवा मंडळाच्या तुटपुंज्या ठेवीतून भागतो. त्यामुळे एखाद्या वर्षी मोठा कलावंत आला नाही तरी कार्यक्रम मोडत नाही. उलट, जाहिरातीला पैसा नसल्याने बाहेरच्यांना त्याचा पत्ता लागत नाही, ही त्याची दुसरी बाजू. 2019 च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची असंख्य पुस्तके भिजून गेली, तेव्हा अशा संस्था किती कमी साधनांवर उभ्या असतात हे सगळ्यांना दिसले.

जाऊ इच्छिणाऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरबरोबर पंचांगही पाहावे. 5 नोव्हेंबर, 14 जानेवारी आणि 1 ऑगस्ट या तारखा सहसा बदलत नाहीत. औंध, मिरज, वाई आणि तासगाव यांच्या तारखा दरवर्षी नव्याने पाहाव्या लागतात. औंधला आणि मिरजेला रात्री उशिरापर्यंत थांबायच्या तयारीने जावे, आणि निघताना देणगीची पावती फाडायला विसरू नये. पुढच्या वर्षीचा उत्सव त्याच पैशांवर होतो.