कुप्याच्या पोटातली ऊब

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या मासळी बाजारात मिळणारे सुरमई, बांगडा आणि कुपा हे तिन्ही मासे एकाच कुळातले. पण कुप्याची तुकडी पाडली की वेगळेपण दिसते. मधल्या काट्याला लागून दोन्ही बाजूंना गडद, काळपट लाल मांस असते. चव उग्र म्हणून पुष्कळजण ते काढून टाकायला सांगतात. खरे तर हीच कुप्याची शेगडी.

हे लाल स्नायू न थकता चालतात. कुपा थांबला तर कल्ल्यांवरून पाणी वाहत नाही आणि तो गुदमरतो, म्हणून तो जन्मभर पोहत राहतो. त्या श्रमातून उष्णता निर्माण होते. ती इतर माशांतही होते, पण टिकत नाही. शरीरातले सगळे रक्त प्राणवायूसाठी कल्ल्यांत जाते आणि तिथल्या पातळ पडद्यापलीकडे थंड पाणी असते. रक्त तिथून पाण्याइतकेच गार होऊन परतते. सुरमई आणि बांगडा म्हणूनच थंड रक्ताचे.

कुप्याने ही गळती वाटेतच अडवली आहे. कण्याखालच्या पोकळीत बारीक धमन्या आणि शिरा एकमेकींना चिकटून दाट जाळे करतात. स्नायूंकडून निघालेले गरम रक्त आणि कल्ल्यांकडून आलेले गार रक्त त्यात उलट दिशांनी वाहते. रक्त मिसळत नाही, उष्णता मात्र पलीकडे जाते. कल्ल्यांपर्यंत पोहोचते ते निवलेले रक्त आणि ऊब स्नायूंकडे परत येते.

जॉन डेव्ही या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८३५ मध्येच कुप्याच्या एका जातभाईचे शरीर समुद्रापेक्षा सुमारे १० अंश सेल्सिअसने गरम असल्याचे नोंदवले होते. जाळ्याचे काम मोजून दाखवले ते अमेरिकेत वुड्स होल येथे फ्रान्सिस कॅरी आणि जॉन टील यांनी, १९६६ मध्ये. अरबी समुद्राच्या कोमट पाण्यात लहान कुप्याला थोड्याच अंशांचा फायदा मिळतो. कुपा हा ट्यूनाच, आणि त्याच्या अटलांटिकच्या थंड पाण्यातल्या अजस्र भाऊबंदात, ब्लूफिन ट्यूनात, हा फरक २० अंशांच्या आसपास जातो. गरम स्नायू झपाट्याने आकुंचन पावतात, त्यामुळे वेगही मिळतो आणि दमही.

माको जातीच्या मुशीतही असेच जाळे स्वतंत्रपणे घडले आहे. तलवारमासा फक्त डोळे आणि मेंदू तापवतो. त्यासाठी डोळा फिरवणाऱ्या एका स्नायूचा काही भाग केवळ उष्णता निर्माण करतो. ट्यूनाचे हृदय मात्र थंडच राहते, कारण त्याला रक्त थेट कल्ल्यांकडून मिळते. हा अडसर ओपा या खोल समुद्रातल्या माशाने दूर केला. त्याचे जाळे कल्ल्यांतच असल्याने हृदयही गरम राहते, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले.

या उबेचा मासेमारीशीही संबंध आहे. धडपडून मेलेल्या कुप्याचे जाडजूड अंग आतून लवकर निवत नाही, म्हणून त्याला होडीवरच भरपूर बर्फ लागतो. तो कमी पडला तर जिवाणू मांसात हिस्टामाइन तयार करतात. त्याने तोंड लाल होते, डोके दुखते, अंगावर पित्त उठते आणि मासा कितीही शिजवला तरी ते नाहीसे होत नाही.