शजऱ्यात आजारही लिहा

दापोली, हर्णै, दाभोळकडच्या आपल्या घरांतून पाच-पाच पिढ्यांचा शजरा तोंडपाठ असलेले बुजुर्ग आजही भेटतात. पण त्यातले कोण कशाने वारले, हे विचारले की उत्तर येते, "पोटात गाठ होती, अल्लाहची मर्जी." बायकांची तर नावेही शजऱ्यात बहुधा नसतात. आणि डॉक्टरांना आज नेमकी हीच माहिती हवी असते.

१९९० साली अमेरिकेतील संशोधक मेरी-क्लेअर किंग यांनी केले ते शजरे वाचण्याचेच काम. २३ कुटुंबे, त्यांत स्तनाच्या कॅन्सरचे १४६ रुग्ण. त्यावरून त्यांनी दाखवले की लहान वयात होणाऱ्या या कॅन्सरचा एक वारसा १७व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये तो जीन हाती लागला, बीआरसीए-१. हा जीन एरवी पेशीतला बिघाड दुरुस्त करतो. तोच बिघडला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका पुष्कळ वाढतो.

घाबरून जाऊ नये. असे थेट वारशाने येणारे कॅन्सर शंभरात पाच ते दहाच. आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरला तर मिश्री आणि तंबाखूच पुरेशी आहे!

"नात्यात निकाह झाल्यामुळे होतो का?" असे पालक आम्हाला विचारतात. थॅलेसेमियाला आईबाप दोघांकडून दोष यावा लागतो; इथे एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. बापाकडूनही येतो. म्हणून नानी-खालाइतकीच दादी-फुफीची हकीकत महत्त्वाची.

मुलीचा रिश्ता मोडेल म्हणून आईचा आजार लपवला जातो. ही भीती आम्हाला कळते, ती खोटीही नाही. पण तिशीच्या आसपास जिची तपासणी सुरू व्हायला हवी, त्या मुलीला तपासणीचे कारणच ठाऊक नसते.

पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, एकाच बाजूच्या दोन-तीन नातलगांना तो, कोणाला अंडाशयाचा, किंवा एखाद्या पुरुषालाही स्तनाचा, असे घरात असेल तर नाते, आजार आणि त्या वेळचे वय कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावे. रक्ताची चाचणी शक्यतो आजारी व्यक्तीची आधी करतात. तिच्यात दोष सापडला तर बाकीच्यांची. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात यासाठी वेगळा विभाग आहे. दापोलीहून मुंबईला जाताना खारघर अलीकडेच लागते.